३६ तासांची ड्युटी मोडायची तर आधी रोजचा दिवस आवरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेडिसिन विभागाची ड्युटी लिस्ट लावायचं काम एका सीनियर रेसिडेंटकडे आलं आहे. सहा युनिटं (डॉक्टरांचे गट), तिन्ही वर्षांचे मिळून २४ जेआर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे ज्युनिअर रेसिडेंट. इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे युनिटची तातडीचे पेशंट घ्यायची पाळी असते तेव्हा, सकाळी सातला आलेला पहिल्या वर्षाचा जेआर (जेआर-१) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला सुटतो. नियम नक्की काय म्हणतो, आणि माणसं न वाढवता हे ३६ तास मोडता येतात का?

मोडता येतात, पण काठावर, आणि बहुतेक विभाग ज्या टोकाने सुरुवात करतात त्या टोकाने नाही.

आधी नियम. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं निवासी डॉक्टर योजनेचं पत्र ५ जून १९९२ चं आहे. सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, ज्युनिअर रेसिडेंटने आठवड्याला साधारण ४८ तास काम करावं, पाळीपाळीने एक साप्ताहिक सुट्टी मिळावी, हे सगळं त्यात आहे. आणि त्याच परिच्छेदात पळवाटही आहे: कामाचा भार आणि डॉक्टरांची उपलब्धता पाहून वैद्यकीय अधीक्षक तास लवचीक ठेवू शकतात. तेव्हापासून सगळा कारभार त्या ‘लवचीक’वर चालला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर तासांचा आकडाच नाही. ‘वाजवी’ तास काम आणि ‘वाजवी’ वेळ विश्रांती, एवढंच. रजा मात्र आकड्यात आहे: वर्षाला २० किरकोळ आणि ५ शैक्षणिक, शिवाय कामाची निकड नसेल तर आठवड्याची सुट्टी. ऑगस्ट २०२४ मध्ये एनएमसीच्याच मानसिक आरोग्यावरच्या कृती दलाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप असं सुचवलं. ती शिफारस आहे, नियम नव्हे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही ३६ आणि ४८ तासांच्या पाळ्यांबद्दल खडे बोल सुनावले. विभागप्रमुखांपुढे कागद ठेवायचा असेल तर १९९२ चं पत्र आणि ७४ चा आकडा, दोन्ही ठेवा. ४८ वर अडून बसलात तर चर्चा पहिल्या पाच मिनिटांत ‘माणसं कुठून आणू’वर येऊन संपते.

आता गणित. तुमच्या जेआर-१ चा आजचा आठवडा: इमर्जन्सी आणि त्याला चिकटलेला दुसरा दिवस मिळून ३६ तास. उरलेले पाच दिवस, रविवार धरून, सकाळी सात ते रात्री नऊ म्हणजे १४ तास, त्यांचे ७०. एकूण १०६. समजा उद्यापासून तुम्ही फर्मान काढलं की पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला घरी जायचं. ३६ चे २८ झाले. आठवडा किती झाला? ९८. सगळ्यांत गाजलेली सुधारणा करूनही आठ तासच कमी झाले. त्यात आठवड्याची सुट्टी घातली तरी ८४. कारण तास साठतात ते साध्या दिवसांत. इमर्जन्सीची रात्र डोळ्यात भरते, साध्या बुधवारचे चौदा तास कुणी मोजतच नाही.

म्हणून पहिलं काम: साधा दिवस साडेसात ते सहा, म्हणजे साडेदहा तासांवर आणा. तो आला की इमर्जन्सीला हातही न लावता, फक्त पोस्ट-इमर्जन्सीला अकराला सुट्टी आणि रविवार मोकळा ठेवून, आठवडा २८ अधिक चार गुणिले साडेदहा, म्हणजे ७० होतो. संध्याकाळी एखादा दिवस साडेआठपर्यंत थांबायला लागलं तरी साडेबहात्तर. ७४ च्या आत. तोच साधा दिवस बारा तासांचा राहिला तर ७६ होऊन मर्यादा तुटते. सगळा खेळ त्या दीड तासात आहे.

हा दिवस लांबतो कुठे, ते घड्याळ लावून एकदा बघाच. पहाटेचे नमुने: ४० खाटांचा वॉर्ड, २५ जणांचं रक्त घ्यायचं, शीर शोधण्यापासून बल्बवर (रक्ताच्या नळीवर) नाव लिहून फॉर्म भरेपर्यंत प्रत्येकी पाच मिनिटं. दोन तास गेले. हे काम रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाचं आहे. तो नसेल तर इंटर्न आणि नर्सिंग यांच्यात लेखी वाटून द्या. तोंडी वाटलेलं काम तिसऱ्या दिवशी जेआर-१ कडे परत येतं. दुसरी गळती दुपारी दोन ते पाच: रिपोर्ट आणायला लॅब, सीटीची तारीख घ्यायला रेडिओलॉजी, पिशवीसाठी रक्तपेढी. तिसरी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं. त्या कामासाठी आरोग्यमित्र नेमलेले असतात. डॉक्टरकडून फक्त क्लिनिकल नोट आणि सही हवी. तरीही फोटो काढणं, अपलोड करणं, शेरे आले की परत अपलोड करणं हे रेसिडेंटच्या मोबाइलवरून चालतं. एका विभागाने हे आपल्या अंगावर घेतलं की पुढे कुणी काढून घेत नाही.

आणि चौथी गळती, जिच्याबद्दल रेसिडेंट उघडपणे बोलत नाहीत: राउंडची वेळ. संध्याकाळचा राउंड साडेसातला लागला तर नऊच्या आत कोणी सुटत नाही. सकाळचा पोस्ट-इमर्जन्सी राउंड साडेनऊला लागला तर रात्री जागलेला माणूस एक वाजेपर्यंत अडकतो, मग ‘आता ओपीडी उरकूनच जा’. रेसिडेंटचे तास लेक्चररच्या घड्याळाला बांधलेले असतात. सकाळचा राउंड आठला आणि संध्याकाळचा साडेचारला, एवढा एक निर्णय विभागप्रमुखांनी घेतला तर रोजचे दीड-दोन तास वाचतात, एक पैसा न खर्चता. ड्युटी लिस्टवर रेसिडेंटच्या नावांबरोबर राउंडची वेळ आणि तो घेणाऱ्या लेक्चररचं नाव छापा. त्याशिवाय लिस्ट लावू नका.

इथवर आल्यावर रात्रीकडे वळा. २४ जेआर म्हणजे २४ माणसं नव्हेत. २५ रजा म्हणजे आठवड्याला सहा कामाचे दिवस धरले तर सव्वाचार आठवडे. जिल्हा निवासी कार्यक्रमात, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या नेमणुकीत, छत्तीसपैकी तीन महिने. दोन्ही वजा केल्यावर माणूस साधारण ८४ टक्के उरतो. म्हणजे कुठल्याही दिवशी हाताशी २० जण. एक जागा चोवीस तास भरायला आठवड्याचे १६८ तास लागतात: ही ८४ टक्क्यांची घट धरून ७४ तासांच्या हिशेबाने २.७ माणसं, ६० च्या हिशेबाने ३.३, आणि ४८ च्या हिशेबाने ४.२. हे तीन आकडे अधिष्ठात्यांना लिहायच्या पत्रात जसेच्या तसे घाला. पदं मागताना ‘ताण आहे’ म्हणण्यापेक्षा याचा उपयोग होतो.

रात्री तुमच्या विभागाला चार जण लागतात असं धरतो: दोन इमर्जन्सी अॅडमिशनला, एक सगळ्या वॉर्डांना, एक एमआयसीयूला, म्हणजे मेडिसिनच्या अतिदक्षता विभागाला. चौघांनाही स्वतंत्र नाइट पोस्टिंग दिलं तर आठवड्याच्या २८ रात्री, माणशी चार, म्हणजे सात जण रात्रीत गेले आणि दिवसा सहा युनिटांना तेरा उरले. असे रोस्टर महिनाभरात मोडतात, आणि मग ‘बघा, शिफ्ट आपल्याकडे चालत नाही’ हे कायमचं ठरून जातं.

त्यापेक्षा मधला मार्ग. वॉर्ड आणि एमआयसीयू या दोन जागांनाच नाइट पोस्टिंग द्या: १४ रात्री, चार माणसं, प्रत्येकाला सलग चारपेक्षा जास्त रात्री नाहीत. दोन रात्री शिल्लक राहतात, त्या कुणी आजारी पडलं तर कामाला येतात. रात्र म्हणजे रात्री आठ ते सकाळी साडेआठ, शेवटचा अर्धा तास ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवायला. चार रात्रींनंतर निदान ४६ तास मोकळे. हा आकडा ब्रिटनच्या करारातला आहे आणि तो विचारपूर्वक ठरवलेला आहे, कारण उलटं झालेलं झोपेचं चक्र एका दिवसात जागेवर येत नाही.

उरले १६. सहा युनिटांच्या तीन जोड्या करा. जोडीतल्या एका युनिटची इमर्जन्सी असेल त्या दिवशी दोघं सकाळी आठ ते रात्री नऊ आणि दुसरे दोघं रात्री आठ ते सकाळी नऊ. रात्रीचे दोघं त्या दिवशी सकाळी येतच नाहीत, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ‘जरा राउंडपुरता ये’ म्हटलं की सगळं संपलं. एकाचा आठवडा असा पडतो: एक लांब दिवस १३, एक रात्र १३, साधे तीन दिवस साडेएकतीस, एक संध्याकाळ अडीच. बेरीज ६०. सलग ड्युटी १३ तास, म्हणजे १९९२ च्या पत्रातल्या १२ ला जवळपास टेकलेली. दिवसा प्रत्येक जोडीला सरासरी पावणेचार माणसं मिळतात. जोडी न करता युनिटनिहाय वाटलीत तर दोनही धड मिळत नाहीत. रविवारी राउंडला येणाऱ्याची सुट्टी त्याच आठवड्यात दुसऱ्या वारी टाका. ‘नंतर देऊ’ ही सुट्टी येत नाही.

७४ आणि ६० मधला १४ तासांचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून झोपवायची वेळ येते, तेव्हा तो वापरायचा. रोस्टर आधीच ७३ वर नेऊन ठेवलं असेल तर पहिल्याच पावसात ते ९० वर जातं.

हे कधी चालत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. नवीन जेआर-१ येण्याआधी जेआर-३ परीक्षेला निघून गेले, म्हणजे दोनच बॅच उरल्या, तर २४ चे १६ आणि प्रत्यक्षात तेरा-चौदा होतात. २०२१ मध्ये पदव्युत्तर प्रवेशाचं समुपदेशन लांबलं तेव्हा देशभर हेच झालं होतं आणि निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. तेरा माणसांत वरचं रोस्टर बसत नाही. त्या महिन्यांसाठी वेगळी लिस्ट आधीच तयार ठेवा: २८ तासांची इमर्जन्सी, अकराला सक्तीने सुट्टी, आणि एमआयसीयूच्या रात्रीत सीनियर रेसिडेंट व वैद्यकीय अधिकारी. बंधपत्रित डॉक्टरांची (शिक्षणानंतर ठरावीक काळ शासकीय सेवा करायला बांधलेल्यांची) मागणी तीन महिने आधी करा. गळा सुकल्यावर विहीर खणून भागत नाही.

माणसं कमी तास काम करू लागली की पेशंट जास्त वेळा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो, आणि शिफ्टला विरोध करणारे वरिष्ठ याच जागी बोट ठेवतात. त्यांचं चूक नाही. अमेरिकेत सहा बालरोग अतिदक्षता विभागांत केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. चोवीस तासांच्या पाळ्या काढल्यावर तिथे गंभीर चुका कमी नाही, वाढल्या. कारण नव्या वेळापत्रकात एका रेसिडेंटकडे सरासरी ८.८ पेशंट आले होते, जुन्यात ६.७ होते. हा वाढलेला भार हिशेबात घेतल्यावर फरक उरला नाही. म्हणजे तास कापले आणि काम तसंच ठेवलं तर पेशंटचं नुकसान होतं. याच्या उलट २००४ चा अभ्यास: अतिदक्षता विभागातल्या इंटर्नांनी जुन्या, लांब पाळ्यांत ३६ टक्के जास्त गंभीर चुका केल्या होत्या. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचायचे असतात.

तेव्हा ओव्हर देण्याची पद्धत बसवल्याशिवाय रोस्टर बदलू नका. आपल्याकडे ‘चौदा नंबर सिक आहे, बघून घे’ याला ओव्हर म्हणतात. ओव्हर असा हवा: ‘खाट १४, वय ५२, डीकेए (मधुमेहातली आणीबाणी), इन्सुलिन ड्रिपवर. साखर दर तासाला. पोटॅशियमचा नमुना रात्री १२ ला, रिपोर्ट तू बघायचास. ३.३ च्या खाली आलं तर इन्सुलिन थांबव, केसीएल (पोटॅशियम) दे, मला फोन कर. साखर २५० ला आली की डेक्स्ट्रोज सुरू, ड्रिप बंद करायचा नाही. नातेवाईक बाहेर आहेत, त्यांना गंभीर असल्याचं सांगितलं आहे.’ यात पेशंट किती आजारी आहे, काय राहिलंय, काय झालं तर काय करायचं आणि कोणाला उठवायचं, हे चारही आलं. घेणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं. त्यात पोटॅशियमचा आकडा चुकला तर तिथेच कळतो. अशा बांधीव ओव्हरचा नऊ रुग्णालयांतला अभ्यास २०१४ मध्ये आला. वैद्यकीय चुका २३ टक्के कमी झाल्या होत्या. सहा युनिटांच्या सगळ्या पेशंटचा ओव्हर देत बसू नका, तीन तास जातील. सिक लिस्टवरच्या, म्हणजे गंभीर पेशंटचा खाटेजवळ, बाकीच्यांचा कागदावर.

रात्री दुसऱ्या युनिटच्या माणसाने अॅडमिट केलेला पेशंट सकाळी प्रेझेंट कोण करणार, हा वाद पहिल्या आठवड्यात होणारच. ज्याने घेतला त्यानेच, आठच्या राउंडला, आणि नवीन अॅडमिशन आधी. जुने पेशंट त्यानंतर. नऊला त्याने निघायचं.

तास मोजताना तीन ठिकाणी फसवणूक होते. पहिली, सरासरी. अमेरिकेत ८० तासांची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीवर आहे. तिथे ९५ चा आठवडा ६५ च्या आठवड्यामागे लपतो. ब्रिटनमध्ये सरासरी ४८ ची आहेच, शिवाय कुठल्याही सलग १६८ तासांत ७२ च्या वर जाता येत नाही. तुमच्या लिस्टला सरासरी नको, कोणत्याही सात दिवसांत ७४ अशी मर्यादा घाला. दुसरी, विभागाची सरासरी. जेआर-३ चे ५० आणि जेआर-१ चे ९५ मिळून आकडा छान दिसतो, म्हणून वर्षनिहाय मोजा. तिसरी, बायोमेट्रिक. आधारची हजेरी उपस्थितीसाठी आहे. हजेरीत ‘गेलो’ दाखवायचं आणि परत वॉर्डात यायचं, हे रोस्टर बदलल्यावर सर्रास होतं, कारण काम उरलेलं असतं. अशा वेळी रेसिडेंटला दटावू नका. कुठलं काम उरलं ते लिहून घ्या, पुढच्या महिन्यात नेमकं तेच हलवायचं आहे.

‘ऑन कॉल खोलीत झोपला होता, ती ड्युटी कशी?’ असा प्रश्न येतो. युरोपीय न्यायालयाने २००० आणि २००३ मध्ये दोनदा निकाल दिला: रुग्णालयात हजर राहायला सांगितलं असेल तर झोपेसकट तो वेळ कामाचाच. आपल्याला तो बंधनकारक नाही, पण मोजणीचा नियम म्हणून घ्यायला हरकत नाही. आवारातल्या होस्टेलवर आपल्या खोलीत असलेल्या जेआर-३ ला मात्र प्रत्यक्ष बोलावल्यापासून मोजा.

आणि घरी सोडताना एक बघा. १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांनी साधारण ०.१०. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. २८ तासांची ड्युटी चालू असेल तितके दिवस आवाराबाहेर राहणाऱ्यांना दुचाकीवर पाठवू नका. ड्युटी रूममध्ये दोन तास झोपू द्या. त्या खोलीला दाराची कडी, पंखा आणि स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे का, ते आजच जाऊन पाहा.

शिक्षा म्हणून लावलेली जादा ड्युटी हा रोस्टरचा विषय नाही. ‘ओव्हर नीट दिला नाहीस, आता ४८ तास थांब’ हे रॅगिंग आहे. एनएमसीची २०२१ ची नियमावली आणि महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा त्याला लागू होतात. ज्युनिअरने तारीख, आल्याची आणि सुटल्याची वेळ चार आठवडे वहीत लिहावी आणि सही झालेल्या ड्युटी लिस्टचा फोटो ठेवावा. तक्रार तोंडी नको, लेखी, आवक क्रमांकासह. शासकीय संस्थेत लिस्टची प्रत माहिती अधिकारातही मिळते.

शस्त्रक्रिया विभागांना हे जसंच्या तसं लागू करू नका. चाललेली केस सोडून कुणी ओव्हर देत नाही, तिथे ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) यादीचा शेवट किती वाजता हेच खरं बंधन. प्रसूती विभागाला उलट सोपं आहे, लेबर रूम मुळातच पाळ्यांवर चालते, सिस्टरांची ड्युटी तर कायमच पाळ्यांची.

सुरुवात फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये करा, पावसाळ्यात नको. एका जोडीवर चार आठवडे. प्रत्येकाचे तास, सकाळी नऊनंतर थांबलेले रात्रीचे लोक, आणि रात्री ‘हा पेशंट मला माहीतच नव्हता’ असं किती वेळा झालं, एवढंच मोजा. दुसऱ्या आठवड्यात तिसरा आकडा वाढेल, ओव्हर अजून कच्चा असतो. चौथ्या आठवड्यातही तो उतरला नाही तर रोस्टर तसंच ठेवून ओव्हरची वेळ अर्ध्या तासावरून पाऊण तास करा.